सवय लागणारच, ती सुखरूप ठेवणं डिझायनरच्या हातात

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीही पुसण्याआधी आम्ही खात्री करून घेतो, धोक्याची सूचना लाल अक्षरांत देतो. तरी लोक न वाचता ओके दाबतात आणि मग माहिती गेली म्हणून तक्रार करतात. माणसाच्या नेणिवेत चालणाऱ्या आकलनाचा अभ्यास अशा ठिकाणी उपयोगी पडतो असं ऐकलं आहे. स्क्रीनची रचना करताना तो प्रत्यक्षात वापरायचा कसा?’

लोक न वाचता ओके दाबतात, कारण तुमच्या स्क्रीननेच त्यांना तसं शिकवलेलं असतं. तोच प्रश्न, त्याच जागी, त्याच शब्दांत येत राहिला आणि दर वेळी त्याचं उत्तर ‘हो’च असलं, की थोड्याच दिवसांत प्रश्न आणि उत्तर मिळून हाताची एकच हालचाल होते. माणूस निर्णय एकदाच घेतो, ‘डिलीट’ दाबण्याआधी. चूक झाली असेल तर ती तिथेच होऊन गेलेली असते. नंतरचं ओके हा त्याच हालचालीचा उरलेला भाग. त्या क्षणी माणसाचं मन पुढच्या कामाकडे लागलेलं असतं, आणि तिथेच ते असायला हवं.

या कामात इतकी वर्षं घालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: वापरणाऱ्याला सवय लागू नये अशी रचना करताच येत नाही. चांगली असो वा वाईट, सवय लागतेच. ती लागल्यावर माणसाचं नुकसान होणार नाही, एवढं बघणं आपल्या हातात आहे, आणि ते मोठं काम आहे.

नेणीव म्हटलं की काहींना फ्रॉइड आठवतो, काहींना जाहिरातींतले छुपे संदेश. दोन्ही बाजूला ठेवा. छुप्या संदेशांची गाजलेली गोष्ट १९५७ची आहे. चित्रपट चालू असताना डोळ्यांना जाणवणार नाहीत असे संदेश पडद्यावर झळकवून आपण पॉपकॉर्न आणि कोका-कोलाचा खप वाढवला, असा दावा जेम्स व्हिकरी यांनी केला होता. त्यात तथ्य नव्हतं हे पुढे त्यांनाच मान्य करावं लागलं. रंग आणि चित्रं वापरून लोकांच्या मनावर नकळत ताबा मिळवण्याचे जे सल्ले अधूनमधून फिरतात, त्यांच्यामागे लागू नका. आपल्या कामाची नेणीव फार साधी आहे. १९८७मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन किल्स्ट्रॉम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तिचा आढावा घेतला. लक्ष न देताही जे ओळखता येतं, आठवतं आणि करता येतं, ते सगळं तिच्यात मोडतं.

इंटरफेसच्या जगात ही मांडणी सर्वांत नेटकेपणाने केली ती जेफ रॅस्किन यांनी. १९७९मध्ये अ‍ॅपलमध्ये मॅकिंटॉश संगणकाचा प्रकल्प त्यांनीच सुरू केला. २००० साली त्यांनी पुस्तकातून जे सांगितलं, त्याचा गाभा असा: माणसाचं अवधान एका वेळी एकाच ठिकाणी असतं. बाकी सगळं नेणिवेवर सोपवलेलं असतं. जी कृती वारंवार होते ती आपोआप तिकडे सरकते, आणि हे सरकणं इच्छाशक्तीने अडवता येत नाही. ‘या वेळी नीट लक्ष देईन’ असं ठरवूनही हात नेहमीचंच करून मोकळा होतो.

अंगवळणी पडलेली गोष्ट जाणिवेच्या किती बाहेर जाते, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. २०१४मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी कीबोर्डवर हात बसलेल्या लोकांना कोरा कीबोर्ड दाखवून कोणतं अक्षर कुठे आहे ते भरायला सांगितलं. बोटं झरझर चालणाऱ्या या लोकांना बरीच अक्षरं जागेवर लावता आली नाहीत. ज्ञान बोटांत होतं, सांगता येण्याजोगं नव्हतं. म्हणून ‘तुम्ही हे बटण कसं शोधता?’ असं विचारून मिळालेल्या उत्तरावर मी रचना ठरवत नाही. लोक खोटं बोलत नाहीत. विचारलेली गोष्ट त्यांच्या जाणिवेत नसतेच.

आता एक प्रसंग जरा जवळून पाहू. या विषयातलं जवळजवळ सगळं त्यात आहे. थेराक-२५ हे कर्करोगाच्या रुग्णांना किरणोपचार देणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली गेली, काहींचा त्यात जीव गेला. यंत्राच्या मूळ रचनेत उपचाराची माहिती दोनदा भरायची होती: एकदा रुग्णाजवळ, यंत्रावर, आणि पुन्हा बाहेरच्या संगणकावर. दोन्ही जुळली तरच यंत्र पुढे जाणार. यात वेळ जातो अशी चालकांची तक्रार आली आणि कंपनीने सोय करून दिली: रिटर्नची (एंटरची) कळ दाबली की आधीची माहिती जशीच्या तशी खाली उतरते. झालं! दुहेरी पडताळणीची जागा सलग रिटर्न दाबण्याने घेतली. खात्री करून घेण्याची पायरी कागदावर शिल्लक राहिली आणि हातात फक्त एक लय उरली.

मार्च १९८६मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे एक अनुभवी चालक माहिती भरत होती. रुग्णाला इलेक्ट्रॉनचा उपचार द्यायचा होता, त्यासाठी ‘ई’ हवं होतं. पण बहुतेक रुग्णांना क्ष-किरण दिले जात असल्याने बोटाने सवयीचं ‘एक्स’ दाबलं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१मध्ये हातून घडणाऱ्या अशा चुकांचं वर्गीकरण केलं, त्यात हा प्रकार आहेच: जास्त रुळलेली कृती कमी रुळलेल्या कृतीला आपल्याकडे ओढून घेते. चूक तिच्या लगेच लक्षात आली. बाण दाबून ती वर गेली, ‘ई’ केलं, बाकीचं बरोबर होतं म्हणून रिटर्न दाबत खाली आली. हे सगळं इतक्या झटपट झालं की यंत्रातले चुंबक जुळवून घेण्याचं काम अजून चालूच होतं. त्याला सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या त्या भागाच्या लक्षातच येत नसे. रुग्णाला एक झटका देऊन यंत्र थांबलं आणि स्क्रीनवर आलं, ‘मालफंक्शन ५४’. अशा दुर्बोध सूचना त्या यंत्रावर इतक्या वेळा येत की ‘पी’ दाबून पुढे जायचं हे चालकांच्या हाताला ठाऊक होतं. तिने ‘पी’ दाबलं. आत टेबलावर असलेल्या माणसाला दुसरा झटका बसला. पुढे काही महिन्यांनी तो वारला.

प्रोग्रॅममध्ये दोष होता आणि सुरक्षेचा यांत्रिक अडसर काढून टाकण्याचा निर्णयही घातक होता, हे सगळं खरंच. माझा मुद्दा त्या चालकाच्या हाताबद्दल आहे. तिने त्या हाताने केलेली प्रत्येक गोष्ट यंत्रानेच तिला शिकवली होती. नवख्या माणसाच्या हातून तो दोष उघडच झाला नसता. तो सरावलेल्या हातालाच सापडला. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाला तो पुन्हा घडवून पाहायचा होता, तेव्हा त्यालाही आधी तिच्या वेगाने माहिती भरायचा सराव करावा लागला.

यातून सूचनांबद्दलचं पहिलं सूत्र निघतं: बहुतेक वेळा खोटी ठरणारी सूचना ही नसलेल्या सूचनेपेक्षा वाईट, कारण ती दाबून टाकायची सवय लावते आणि खऱ्या सूचनेलाही तीच सवय लागू होते. औषधं लिहून देणाऱ्या संगणकप्रणालींवरच्या अभ्यासांचा एक आढावा २००६मध्ये आला. डॉक्टरांनी सुरक्षेच्या सूचना डावलण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४९ ते ९६ टक्के होतं. डॉक्टर बेफिकीर असतात म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. २०१५मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचं स्कॅनिंग करत लोकांना सुरक्षेच्या सूचना दाखवल्या, तर तीच सूचना दुसऱ्यांदा दिसताच दृश्य आकलन करणाऱ्या भागांचा प्रतिसाद बराच उतरला. दुसऱ्यांदाच! लाल रंग, मोठी अक्षरं, उद्गारचिन्हं यांनी या उताराला बांध घालता येत नाही. दिसणं दर वेळी बदललं तर तो थोडा मंदावतो, इतकंच.

मग करायचं काय? पुसण्याआधीचा प्रश्न काढून टाका आणि पुसलेलं परत आणण्याची सोय द्या. माणसाला चूक कळते ती कृती झाल्यानंतरच्या दोन-चार सेकंदांत, जेव्हा परिणाम डोळ्यांसमोर येतो. मदत त्या वेळी हवी. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची सोय २००९मध्ये प्रयोग म्हणून आली आणि २०१५मध्ये कायमची झाली. तिथे मेल खरोखर परत येत नाही. तो पाठवण्याआधी काही सेकंद, जास्तीत जास्त तीस, थांबवून ठेवलेला असतो. ‘नक्की पाठवायचा का?’ असं विचारलं असतं तर सगळ्यांनी ‘हो’ दाबलं असतं. नेणिवेला तिच्या वेगाने काम करू द्यायचं आणि जाणिवेला उशिरा येण्याची मुभा ठेवायची, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो.

काही कृती खरंच मागे घेता येत नाहीत. तिथे माणसाला थांबवायचंच असेल, तर उत्तर दर वेळी वेगळं असलं पाहिजे. प्रोग्रॅमर आपलं काम जिथे साठवतात त्या गिटहबवर प्रकल्प कायमचा काढून टाकताना त्याचं नाव टाइप करावं लागतं. नाव लिहायचं तर ते वाचावं लागतं. हा उपाय चालतो तो क्वचित वापरला जातो म्हणून. रोज दहा वेळा नाव टाइप करायला लावाल तर लोक कॉपी-पेस्ट करू लागतील, आणि तुम्ही पुन्हा मूळ जागी याल.

सवय घडते कशी, याचं उत्तर मानसशास्त्रज्ञ वॉल्टर श्नायडर आणि रिचर्ड शिफरिन यांच्या १९७७च्या प्रयोगांत आहे. अक्षरांच्या गर्दीत ठरावीक अक्षरं शोधायची होती. जी अक्षरं शोधायची ती कायम तीच राहिली, तेव्हा सरावानंतर शोध आपोआप होऊ लागला आणि गर्दी वाढली तरी फारसा फरक पडेना. तीच अक्षरं कधी शोधायची तर कधी टाळायची असली, तेव्हा कितीही सराव झाला तरी दर वेळी मेहनत पडली. म्हणजे नुसत्या पुनरावृत्तीने हात बसत नाही, त्याच खुणेला कायम तोच अर्थ असावा लागतो. जिन्याची एकच पायरी इतरांपेक्षा अर्धा इंच जास्त उंच असली की तिथेच सगळे ठेचकाळतात, कारण पाय मोजमाप बघून उचलला जात नाही.

यावरून, सॉफ्टवेअरने वापरणाऱ्याकडे बघून स्वतःची मांडणी बदलावी ही कल्पना मला धोक्याची वाटते. ऑफिस २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने असे मेनू दिले होते: जे तुम्ही कमी वापरता ते लपायचं, जे वापरता ते दिसायचं. कागदावर हुशारीची गोष्ट. पण हाताला ‘वरून चौथं’ असं माहीत असतं, आणि चौथं रोज वेगळं निघालं तर प्रत्येक वेळी वाचावंच लागतं. ऑफिस २००७मध्ये ते मेनू जाऊन रिबन, म्हणजे बटणांची वरची पट्टी, आली. आज तीच कल्पना ‘तुमच्यासाठी खास’ अशा नावाने परत येते आहे. बातम्यांची यादी बदलती ठेवा, हरकत नाही. बटणं आणि आज्ञा मात्र जागच्या जागी असू द्या.

मोडचा दोष याच कुळातला. तीच कळ एका अवस्थेत एक काम करते आणि दुसऱ्या अवस्थेत दुसरं. कुठल्या अवस्थेत आहोत ते स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, आणि अवधान कोपऱ्यात नसतं. कट, कॉपी, पेस्ट ज्यांनी घडवलं त्या लॅरी टेस्लर यांनी मोडविरुद्ध आयुष्यभर मोहीम चालवली. त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नोमोड्स’ होतं. मोड टाळता येत नसेल तर तो धरून ठेवावा लागेल असा करा. शिफ्ट दाबून धरताना आपण विसरत नाही, कॅप्स लॉक मात्र हमखास विसरतो. १९९२मध्ये अ‍ॅबिगेल सेलेन, गॉर्डन कर्टेनबाख आणि बिल बक्सटन यांनी पायाच्या पेडलवर हेच तपासलं: पेडल दाबून धरावं लागलं तेव्हा मोडच्या चुका स्क्रीनवरच्या खुणेपेक्षाही चांगल्या आटोक्यात आल्या. स्नायूचा ताण ही नेणिवेला कळणारी भाषा आहे.

वेळेकडे डिझायनर फार कमी बघतात. बोट निघालं की ते अधल्यामधल्या क्षणी थांबवता येत नाही. डोळ्यांनी बदल टिपून हात आवरायला साधारण पाव सेकंद जातो. म्हणून पान लोड होताना वरून जाहिरात टपकते, बटण खाली सरकतं आणि भलत्याच गोष्टीवर बोट पडतं. त्यात वापरणाऱ्याचा काहीच दोष नसतो. गुगलने २०२०मध्ये वेबपानांच्या दर्जाच्या निकषांत मांडणीच्या या सरकण्याचं मोजमाप घातलं, ते योग्यच झालं. टायपिंग चालू असताना मध्येच उगवणारा पॉप-अप त्याहून वाईट, कारण दुसरीकडे जाणारं एंटर तो स्वतःकडे ओढून घेतो. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये अ‍ॅड-ऑन (जादा सोयीचा छोटा प्रोग्रॅम) बसवताना विचारणा आली की ‘होकाराचं’ बटण सुरुवातीला क्षणभर बंद असतं, ते यासाठीच. स्वतःहून उगवणाऱ्या कोणत्याही प्रश्नाला एवढा विराम द्यावा, आणि एंटरने निवडला जाणारा पर्याय निरुपद्रवी ठेवावा.

क्रमाचाही विचार करा. काम फत्ते झालं की अवधान तिथून उठतं, आणि त्यानंतर उरलेली पायरी विसरली जाते. एटीएममधून पैसे हातात आले की कार्ड यंत्रात राहतं, ते यामुळे. आधी कार्ड काढायला लावून मग पैसे देणारी यंत्रं हे विसरणं जागेवर थांबवतात, कसलीही सूचना न लिहिता. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘मुख्य काम झाल्यावर लॉग आउट करा’, ‘फाइल जोडल्यावर पुन्हा सेव्ह करा’ असं काही असेल तर ती पायरी कामाच्या आत ओढा.

दिसण्याबद्दल थोडक्यात. अ‍ॅन ट्रिझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८०मध्ये दाखवलं की एकाच गुणाने वेगळी असलेली गोष्ट गर्दीतून आपोआप पुढे येते. दोन गुणांच्या जोडीने वेगळी असेल तर एकेक करून शोधावी लागते. म्हणून महत्त्वाचा फरक एका गुणावर ठेवा आणि तो गुण इतरत्र उधळू नका.

चाचणीची पद्धतही बदलावी लागते. नव्या माणसाला बसवून पहिल्या दहा मिनिटांत तो कुठे अडतो ते सगळेच बघतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दोन-तीन आठवडे तेच काम केलेला माणूस, तोही घाईत असताना, मध्येच कुणीतरी हाक मारल्यावर. टायलरचा दोष अशाच हाताला दिसला होता. शिवाय एक मोजमाप तुम्ही लगेच सुरू करू शकता: सूचना उमटल्यापासून ओके दाबेपर्यंतचा वेळ नोंदवा. बारा शब्द वाचायला तीन सेकंद तरी हवेत. बहुतेक नोंदी अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या निघाल्या, तर ती सूचना कुणी वाचत नाही हे सिद्ध झालं. ती काढायची आणि तिथे परत आणण्याची सोय द्यायची.

या सगळ्याचा उलटा वापरही होतो, हे सांगायला हवं. नेहमी ‘पुढे’ असतं त्या जागी एकदाच ‘विकत घ्या’ ठेवणं, आधीच टिक केलेली चौकट, नकाराचं बटण फिकट करणं. २०१०मध्ये हॅरी ब्रिग्नल यांनी अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिलं. माणसाने विश्वासाने आपल्या हवाली केलेला हात त्याच्याच विरुद्ध वापरायचा, हे मी करत नाही आणि करणाऱ्यांसोबत काम करत नाही. धंद्याची गरज म्हणून तुमच्यावर दबाव येईल. सवयीतून झालेल्या क्लिकला संमती म्हणता येणार नाही, हे तिथे स्पष्ट सांगा.

शेवटचा मुद्दा, कारण तुम्ही आता बदल करायला घ्याल. श्नायडर आणि शिफरिन यांनी सराव झाल्यावर भूमिका उलटवल्या: जी अक्षरं शोधायची होती ती टाळायची केली. सरावलेली माणसं अगदी पहिल्या दिवशी जमत होतं त्याहूनही मागे गेली आणि त्यांना जुनं पुसायला फार वेळ लागला. म्हणून जुन्या बटणाच्या जागी लगेच दुसऱ्या कामाचं बटण आणू नका. सेव्ह उजवीकडून डावीकडे न्यायचं असेल तर उजवीकडची जागा काही आठवडे रिकामी ठेवा. सवयीने तिथे बोट पडेल, काहीच होणार नाही, माणूस अडखळून वर बघेल आणि नवी जागा शोधेल; असं काही वेळा झालं की हात वळेल. तिथे पडणारी बोटं नोंदवत राहा, आणि ती जवळजवळ थांबली की मगच ती जागा दुसऱ्या कामाला द्या.